फुलांच्या दरीची सहा दिवसांची ‘निसर्ग अभ्यास’ सहल: चाल भरपूर, अभ्यास किती?

जुलै-ऑगस्ट आला की उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीच्या गटसहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच जणी स्वतःला नुसता ट्रेक म्हणवून घेत नाहीत. ‘निसर्ग अभ्यास सहल’, ‘वनस्पतीतज्ज्ञांसोबत’, ‘हिमालयातली शाळा’ असं काहीतरी नाव असतं. संस्था कोणतीही असो, कार्यक्रमाचा साचा जवळपास एकच आहे, म्हणून इथे एका संस्थेचं नाही, त्या साच्याचंच परीक्षण केलं आहे.

साचा असा. पहिला दिवस ऋषिकेश किंवा हरिद्वारहून जोशीमठ, म्हणजे दहा-बारा तास गाडीत. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून जीपने चारेक किलोमीटरवरचं पुलना आणि पुढे नऊ-दहा किलोमीटर चालत घांघरिया. तिसरा दिवस फुलांची दरी, चौथा हेमकुंड (उंचावरचं सरोवर आणि शिखांचं तीर्थस्थान), पाचव्या दिवशी परत जोशीमठ आणि सहाव्या दिवशी ऋषिकेश. घांघरियात तीन मुक्काम. सहा दिवसांतले चार दिवस ये-जा करण्यात जातात आणि दरीच्या वाट्याला एकच दिवस येतो. या सहलीचा गुण-दोष सगळा त्या एका दिवसाच्या हिशेबात आहे.

तो हिशेब आधी मांडू. दरी हे राष्ट्रीय उद्यान आहे, आत मुक्कामाला बंदी आहे. चौकी सकाळी सातला उघडते आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं. चौकीपासून वाट जंगलातून पुष्पावती नदीच्या पुलाकडे उतरते आणि पूल ओलांडला की खडा चढ लागतो. चढ संपून मोकळ्या कुरणात पोचायला मिश्र वयाच्या गटाला दोन ते अडीच तास लागतात. सातच्या ठोक्याला आत शिरलात तर साडेनऊ वाजतात. परतीला दोनच्या सुमारास निघावंच लागतं, कारण तो उतार ओला आणि निसरडा असतो. हातात उरतात साडेचार तास. त्यातून जेवण आणि फोटो वजा करा, म्हणजे साडेतीन. चौकीवर परवान्याच्या रांगेत अर्धा तास गेला तर तीन. नोंदणी आदल्या संध्याकाळीच उरकणारी संस्था तुमचा दरीतला अर्धा तास वाचवते. हे काम साधं आहे, तरी बरेच जण करत नाहीत.

आता या तीन तासांत किती माणसं कोंबायची? दरीतली पायवाट एका माणसापुरती आहे आणि ती सोडून फुलांत पाय टाकायचा नाही. पंचवीस जणांची रांग, दोघांत दोन मीटर अंतर, म्हणजे पन्नास मीटर लांब शेपूट. पुढे मार्गदर्शक जे बोलतो ते पहिल्या सहा-सात जणांना ऐकू येतं. पोंचोची टोपी डोक्यावर असेल तर तेवढ्यांनाही नाही. भिंगातून एक फूल बघायला माणशी एक मिनिट धरलं तर एका फुलाला पंचवीस मिनिटं लागतात, दहा जणांत ते काम दहा मिनिटांत होतं. म्हणून एका जाणकारामागे दहा, फार तर बारा माणसं, ही आमच्या मते वरची मर्यादा. वीसच्या पुढचा गट आणि एकच जाणकार असेल तर ती निसर्ग सहल नाही, नावांची यादी ऐकत केलेला ट्रेक आहे. आणि ‘ट्रेक लीडर हाच निसर्ग मार्गदर्शक’ हा प्रकार दिसला तर सरळ पुढच्या संस्थेला फोन करा. डोकी मोजणं, मागे राहिलेल्याला गाठणं, ढगांकडे लक्ष ठेवणं ही कामं करणारा माणूस गुडघ्यावर बसून पेडिक्युलॅरिस नावाचं फूल दाखवू शकत नाही. पुढे एक जाणकार, मधे लीडर आणि अगदी शेवटी एक माणूस जो कोणाच्याही पुढे जात नाही, एवढी तीन माणसं हवीतच.

मार्गदर्शक चांगला की नुसता पाठांतरवाला, हे ओळखायला दरीत एक झाड पुरेसं आहे. कमरेच्या वर वाढणारं, पांढऱ्या फुलांचे तुरे येणारं पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम. स्थानिक लोक त्याला अमेला म्हणतात. दरीत कित्येक ठिकाणी त्याचं अक्षरशः रान माजलं आहे आणि वन विभाग ते उपटत असतो. पाठांतरवाला नाव सांगून पुढे जाईल, किंवा ‘परदेशी तण आहे’ असं ठोकून देईल. ते परदेशी नाही, हिमालयातलंच आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि पाठोपाठ चराई बंद झाली. मेंढ्या-म्हशींचं तोंड लागत होतं तोवर जे आटोक्यात होतं, ते नंतर फोफावलं असं बरेच अभ्यासक मानतात. भूस्खलनाने उघडी पडलेली जमीन हेही त्याचं आवडतं ठिकाण. चराई बंद करणं योग्य होतं का, हा वाद अजून मिटलेला नाही. हा वाद तुमच्यासमोर मांडून ‘तुम्हाला काय वाटतं’ विचारणारा मार्गदर्शक मिळाला तर सहल निम्मी वसूल झाली.

मराठी गटांना इथे एक आयता फायदा आहे आणि चांगले मार्गदर्शक तो घेतात. कास पठारावर तेरडा पाहिलेला असतोच. दरीतला उंचापुरा गुलाबी इम्पेशन्स हा त्याच कुळातला: तीच मागे वळलेली सोंड, पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की तसंच फटकन फुटणं. सह्याद्रीत पहिल्या पावसानंतर फणा काढणारा सापकांदा पाहिला असेल तर जंगलाच्या टप्प्यातली कोब्रा लिली वेगळी शिकवावी लागत नाही. आणि कारवी ठाऊक असणाऱ्याला निळ्या पॉपीचं आयुष्य एका वाक्यात कळतं: मेकोनोप्सिस अक्युलिएटा काही वर्षं नुसत्या पानांवर काढते, एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. म्हणजे बी धरण्याआधी ते फूल खुडणं म्हणजे झाडाचा वंश तिथेच संपवणं. ‘फुलं तोडू नका’ ही सूचना शंभर वेळा ऐकूनही जे होत नाही ते या एका माहितीने होतं.

दरीत सपुष्प वनस्पतींच्या सुमारे पाचशे जाती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या पन्नास नावांचा मारा करणं ही बहुतेक सहलींची मोठी चूक. तिसऱ्या तासाला डोकं भरतं आणि संध्याकाळपर्यंत सगळी नावं एकमेकांत मिसळतात. पंधरा जाती नीट बघणं आणि प्रत्येकीला एक ‘का’ जोडणं, एवढंच एका दिवसात जमतं. पेडिक्युलॅरिस मुळांनी शेजारच्या गवतातून पाणी-क्षार चोरतं, पण पानं हिरवी ठेवून स्वतःचं अन्नही बनवतं. बचनागाच्या निळ्या टोपीत शिरायला जाडजूड, केसाळ भुंगाच लागतो. तो पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवतो, म्हणून गार सकाळीही उडू शकतो. जंगल संपतं तिथल्या भूर्जांचे बुंधे बुडाशी उताराच्या दिशेने वाकून मग सरळ झालेले दिसतात. हिवाळ्यात बर्फ उतारावरून हळूहळू सरकत राहतो आणि कोवळी खोडं दाबतो, त्याची ती खूण. याच झाडाची साल सोलून पूर्वी पोथ्या लिहीत, हे सांगायला कोणी विसरत नाही. खोड का वाकलं हे सांगायला मात्र विसरतात.

पद्धत म्हणून एक गोष्ट सुचवावीशी वाटते, कारण ती फुकट आहे. चार मीटर दोरीची टोकं बांधून पायवाटेच्या कडेला एक चौरस मीटरचा चौकोन टाकायचा, तोही वाटेवर उभं राहून हात पोचेल तेवढ्याच अंतरावर. त्यातल्या वेगवेगळ्या पानांच्या जाती मोजायच्या, नावं माहीत नसली तरी चालेल. असाच दुसरा चौकोन अमेल्याच्या रानाशेजारी आणि तिसरा नदीकाठच्या दगडगोट्यांत, जिथे नदीकाठचं एपिलोबियम गुलाबी गालिचे घालतं. तीन आकडे समोर ठेवले की जैवविविधता हा शब्द व्याख्यानाशिवाय समजतो. वेळ लागतो एकूण चाळीस मिनिटं. जी सहल या चाळीस मिनिटांऐवजी ‘नदीपर्यंत जाऊन आलो’ असं सांगायला लोकांना पळवते, तिला आम्ही अभ्यासाचे गुण देणार नाही.

इतिहासात फार वेळ घालवायची गरज नाही. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना इथे उतरला आणि १९३७ मध्ये वनस्पती गोळा करायला पुन्हा आला. जोन मार्गारेट लेग ही त्याच कामासाठी आलेली बाई १९३९ मध्ये कड्यावरून घसरून गेली, तिची समाधी दरीत आहे. २००५ मध्ये नंदादेवीसोबत जागतिक वारसा यादीत नाव आलं. एवढं चहाच्या वेळेत होतं.

हेमकुंडाच्या दिवसाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे दोन्ही बाजूंनी चूक होते. निसर्गवाल्यांना तो ‘यात्रेचा’ दिवस वाटतो आणि ते मार्गदर्शकाला सुट्टी देतात. खरं तर घांघरियाच्या फर जंगलातून निघून सहा किलोमीटरमध्ये तुम्ही भूर्ज, वाकडी रोडोडेंड्रॉनची झुडपं, बुग्याळ (उंचावरची कुरणं) आणि शेवटी नुसते दगड असे सगळे पट्टे ओलांडून चार हजार मीटरच्या वर जाता. उंचीप्रमाणे झाडोरा कसा बदलतो हे शिकायला याहून सोपी वाट नाही. ब्रह्मकमळही दरीच्या वाटेपेक्षा इथेच, वरच्या टप्प्यात, खडकांच्या आडोशाला दिसतं. जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत त्याचा हंगाम. पिवळसर-हिरव्या, कागदासारख्या होडीच्या आकाराच्या ज्या पाकळ्या आपण फूल समजतो त्या पाकळ्या नाहीत, छदं (फुलांभोवतीची बदललेली पानं) आहेत. खरी जांभळी फुलं आत गच्च बसलेली असतात. बाहेरचा थर वारा-पाऊस अडवतो आणि आत ऊब धरतो. हे वाटेवर थांबून दाखवायला जाणकार सोबत हवा, तोही चौथ्या दिवशी.

दुसरी चूक उंचीची. घांघरिया ३,००० मीटरच्या थोडं वर आहे, जोशीमठ १,९०० च्या आसपास. म्हणजे झोपायची उंची एका दिवसात हजार-अकराशे मीटरने वाढते. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये हा नेहमीचा नियम. इथे त्या हद्दीवर एका उडीत पोचतो आणि मग हेमकुंडाला जाऊन त्याच दिवशी उतरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी दरी, मग हेमकुंड. शरीराला घांघरियात दोन रात्री मिळतात. काही जण हवामानाचं कारण देऊन क्रम उलटा करतात. पाऊस खरोखर तसा असेल तर ठीक, पण खोल्यांच्या सोयीसाठी करत असतील तर हरकत घ्या. चार हजारांच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच एकवीस टक्के, पण प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन कमी.

लीडरने रोज संध्याकाळी प्रत्येकाला चार प्रश्न विचारायला हवेत: डोकं दुखतं का, जेवण गेलं का, मळमळ किंवा चक्कर आहे का, थकवा चालण्याच्या मानाने जास्त आहे का. डोकेदुखी आणि सोबत आणखी एक तक्रार असेल तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकता येत नसतील, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर काही लीडर फार विसंबतात. गार बोटांवर तो चुकीचं दाखवतो, शिवाय एक आकडा काही सांगत नाही. सकाळ-संध्याकाळचे आकडे कुठे चाललेत ते पाहायचं. उंचीचा त्रास टाळायचं अ‍ॅसेटाझोलामाइड हे औषध घ्यायचं असेल तर ते घरच्या डॉक्टरांना विचारून, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. आणि ‘आमच्याकडे ऑक्सिजन आहे’ म्हणजे काय ते विचारा. हातात मावणारा फवाऱ्याचा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्यावर माणूस वाचत नाही. सिलिंडर, मास्क आणि तो वापरता येणारा माणूस असेल तरच ती सोय.

खच्चरावर बसून हेमकुंडाला जाणाऱ्यांचा एक गोड गैरसमज असतो की चाललो नाही म्हणजे त्रास होणार नाही. त्रास उंचीने होतो, आणि खच्चर ती जास्त वेगाने चढतं. पायी असाल तर खच्चरं येताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला नाही. ओझ्याचा एक धक्का पुरतो. दरीच्या आत खच्चरं नेत नाहीत. तिथे चालवणारच नसेल तर पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारे कंडीवाले हाच पर्याय.

मुक्काम आणि जेवणाबद्दल फारशी तक्रार नाही. घांघरियात खोल्या ओलसर असतात, वीज लपंडाव करते, गरम पाणी बादलीने मिळतं. जेवण गरम आणि साधं. हेमकुंडाला गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे, त्यामुळे त्या दिवशी डबा द्यायची गरज नसते. काही संस्था तरीही थंड पराठे बांधून देतात आणि ते परत येतात. वन विभागाच्या माहिती केंद्रात संध्याकाळी चित्रफीत दाखवतात. ती दरीच्या आदल्या रात्री दाखवणं म्हणजे शहाणपणा, नंतर दाखवणं म्हणजे वेळ घालवणं. स्थानिक मार्गदर्शक भ्यूंदर-पुलना भागातले असतील तर उत्तम. कोणता नाला किती पावसाला चढतो, वरच्या गवतात मोनाल पक्षी सकाळी कुठे कंद उकरत बसतो, हे त्यांनाच माहीत असतं. २०१३ च्या महापुरात या खोऱ्यातली वाट आणि वस्ती दोन्ही वाहून गेली. आजची वाट त्यानंतरची आहे, त्यामुळे जुन्या वर्णनांवर विसंबणारा कार्यक्रम दिसला तर तेही खटकायला हवं.

सामानाच्या याद्या सगळेच देतात, पण त्यात अभ्यासाचं सामान नसतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ८×४२ ची दुर्बीण (लक्ष्मणगंगा नदीच्या काठी दगडांवर शेपटी हलवणाऱ्या रेडस्टार्ट पक्ष्यांसाठी तरी), आणि पेनाऐवजी पेन्सिल, कारण ओल्या कागदावर शाई पसरते. सॅकच्या वरचं कव्हर या पावसात पुरत नाही; आतून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी लावून त्यात कपडे भरा, खच्चरावर लादलेल्या सॅकांना तर हवंच. गुडघ्यांसाठी काठ्या दोन, हेमकुंडाच्या उतरणीला. रोख रक्कम जोशीमठपर्यंतच काढून ठेवा.

कार्यक्रमातला सगळ्यात कच्चा दुवा रस्त्यावर आहे. गढवालमधलं श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्या मधल्या सिरोबगडला पावसाळ्यात वारंवार दरड कोसळते, आणि असे आणखी बरेच टप्पे आहेत. सहा दिवसांच्या कार्यक्रमात राखीव दिवस नसतो. पहिल्या दिवशी दरड आडवी आली की जोशीमठला मध्यरात्री पोचायचं, दुसऱ्या दिवशी पुलन्याहून दुपारी निघायचं आणि घांघरियात अंधारात शिरायचं, किंवा मग कात्री लागते ती दरीच्या दिवसालाच. परतीचं विमान सहाव्या रात्रीचं असेल तर लीडर घाई करणार हे ठरलेलं. परतीचं तिकीट आठव्या दिवसाचं काढा आणि दरड पडल्यास वाढीव मुक्कामाचा खर्च कोणाचा, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. हेमकुंडासाठी लागणारी सरकारी यात्रा-नोंदणी संस्था करणार की तुम्ही, हेही त्याच पत्रात.

फोनवर आणखी काय विचारायचं? गटात कमाल किती जण आणि जाणकार किती. लीडरचा मूलभूत गिर्यारोहण कोर्स झाला आहे का. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थेत तो अठ्ठावीस दिवसांचा असतो, ‘वर्कशॉप केलंय’ हे त्याचं उत्तर नव्हे. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र कोणत्या वर्षीचं. विम्यात किती उंचीपर्यंत संरक्षण आहे. आणि शेवटचा, पण निकाल लावणारा प्रश्न: दरीत दोन दिवस देता का? एक दिवस वाढवून सात दिवसांचा कार्यक्रम केला, दरी-हेमकुंड-दरी असा क्रम लावला, तर सगळं बदलतं. पहिल्या दिवशी ओळख, दुसऱ्या दिवशी अभ्यास. एखादा दिवस पूर्ण धुक्यात गेला तरी दुसरा हाताशी असतो.

तारखांचं बघायचं तर जूनमध्ये बर्फ वितळत असतो, प्रिम्युला आणि लवकर येणारी मोजकी फुलं दिसतात, नाल्यांवरचे बर्फाचे पूल पातळ होत असतात. रंगांसाठी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, गर्दीही तेव्हाच. शिकायला येणाऱ्यांनी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा विचार करावा. फुलं कमी, पण बिया, शेंगा आणि तांबूस पडत चाललेली कुरणं असतात, शिखरं दिसण्याची शक्यता वाढते आणि उंचावर ब्रह्मकमळ अजून असतं. त्या तारखांना गट लहान असतात, त्यामुळे दरीतला दुसरा दिवस मागितला तर हो म्हणायला संस्थेलाही सोपं जातं.